वॉर्ड खरंच पुसला गेला का? साथ आटोक्यात आणताना स्वच्छता मोजायची कशी

एखाद्या वॉर्डात दोन आठवड्यांत एकाच जंतूचे चार रुग्ण निघाले की बैठक बसते. कोणी हात धुण्यावर बोलतं, कोणी अँटिबायोटिकवर. मग सगळे मिळून वॉर्डात जातात आणि खाली फरशीकडे बघतात. फरशी चकचकीत असते, फिनेलचा वास येत असतो, वहीत ‘स्वच्छता समाधानकारक’ असा शेरा पडतो. शेजारच्याच सलाईन स्टँडच्या दांड्यावर, नेमका हात पडतो तिथे, जुन्या चिकटपट्टीचा डिंक काळा पडलेला असतो. तो कोणाला दिसत नाही.

संसर्ग नियंत्रणाचं काम करताना माझी जी पद्धत बसत गेली, ती इथे पायरीपायरीने लिहिते आहे. तिचा गाभा दोन प्रश्नांत आहे. ‘स्वच्छ दिसतंय का’ हे विचारणं सोडायचं आणि ‘पुसलं गेलं का’ हे विचारायचं. आणि जी वस्तू पुसली गेली नाही, ती पुसणं नक्की कोणाचं काम होतं, हे शोधायचं. बहुतेक वेळा उत्तर येतं: कोणाचंच नाही.

पृष्ठभागांची एवढी चिंता का

रुग्णाच्या अंगावरचे जंतू त्याच्याभोवतीच्या वस्तूंवर उतरतात आणि तिथे टिकून राहतात. कोरड्या पृष्ठभागावर एमआरएसए (नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस) सात दिवसांपासून सात महिन्यांपर्यंत, एन्टरोकॉकस पाच दिवसांपासून चार महिन्यांपर्यंत, ॲसिनेटोबॅक्टर तीन दिवसांपासून पाच महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्याची निद्रिस्त रूपं, पाच महिने टिकतात. म्हणून खाटेवरचा आधीचा रुग्ण घरी गेला तरी त्याचा जंतू खाटेवरच मुक्काम करतो आणि नव्याने आलेल्या रुग्णाचा धोका वाढवतो. मधला दुवा हाताचा. सिस्टरने हात धुतले, हातमोजे घातले, रुग्णाकडे जाताना खाटेचा कठडा वर केला आणि मग त्याच हाताने सलाईनचा जोड उघडला, तर धुतलेल्या हातांचा उपयोग कठड्यापाशीच संपला.

एक मर्यादा आधीच सांगते. स्वच्छता एकट्याने साथ थांबवत नाही. हात धुणं, बाधित रुग्णाला वेगळं ठेवणं, गरज नसलेल्या नळ्या लवकर काढणं, हे सगळं सोबत चालू हवं. पण या यादीत सर्वांत कमी मोजली जाणारी गोष्ट स्वच्छता हीच आहे.

पायरी १: जंतू कोणता आणि रुग्ण कुठे कुठे होते, ते कागदावर आणा

आधी प्रयोगशाळेला फोन. जंतूचं नाव कळल्याशिवाय रसायन ठरवू नका. अल्कोहोल बीजाणूंवर चालत नाही, त्यामुळे क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल असेल तर क्लोरीनसारखं बीजाणूनाशकच लागतं. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथीतही क्लोरीनच हाताशी ठेवावं. कॅन्डिडा ऑरिस ही २००९ मध्ये प्रथम नोंदली गेलेली बुरशी. रोजच्या वापरातली अमोनियम गटातली काही जंतुनाशकं तिच्यावर पुरेशी पडत नाहीत. चुकीच्या रसायनाने शंभर टक्के पुसलं तरी आकडा सुंदर येईल आणि साथ चालूच राहील.

मग एका मोठ्या कागदावर वॉर्डचा नकाशा काढा. खाटा, बेसिनं, संडास, औषधं तयार करायचं टेबल, उपकरणं ठेवायचा कोपरा. प्रत्येक बाधित रुग्णासाठी दाखल झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, कोणत्या खाटेवर किती दिवस, खाट बदलली का, एक्स-रे, सोनोग्राफी, डायलिसिस, फिजिओथेरपी कधी झाली, हे लिहा. वेगवेगळ्या रंगांच्या पेनाने नकाशावर ओढलं की संगणकाच्या तक्त्यात न दिसणारी गोष्ट दिसते. रुग्ण एकमेकांच्या शेजारी नसतात, पण सगळ्यांसाठी एकच कमोड खुर्ची वापरलेली असते. किंवा सगळे एकाच बेसिनजवळच्या खाटांवर होऊन गेलेले असतात.

पायरी २: ‘हे कोण पुसतं?’

या पायरीला घाई करू नका. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

एका खाटेजवळ उभे राहा. सोबत वॉर्डची सिस्टर इन्चार्ज, सफाईच्या मावशी किंवा मामा, एखादा तंत्रज्ञ आणि जमलं तर फिजिओथेरपिस्ट. खाटेभोवतीच्या एकेका वस्तूवर बोट ठेवायचं आणि विचारायचं: हे कोण पुसतं, कधी, कशाने? सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, मग चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवायच्या.

खाटेचा कठडा, लॉकर, जेवणाचं टेबल, दाराची कडी यांवर बहुतेक एकमत होतं. पुढे गाडी अडते. मॉनिटरची बटणं? मावशी म्हणतात, मशीनला हात लावायचा नाही असं सांगितलंय. सिस्टर म्हणतात, पुसणं हाऊसकीपिंगचं. इन्फ्युजन पंप (ठरल्या वेगाने औषध सोडणारं यंत्र), बीपीचा कफ, सलाईन स्टँड, ऑक्सिजनच्या फ्लोमीटरची खुंटी, व्हीलचेअरचे हात, संगणकाचा कीबोर्ड, रुग्ण उचलायचा पट्टा, ग्लुकोमीटर, कॉल बेलची वायर, अशी यादी वाढत जाते. यांच्यासमोर चिठ्ठ्यांवर एक तर दोन वेगवेगळी नावं असतात किंवा कोरी जागा.

ही कोरी जागा किती महाग पडते, याचा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णालयाच्या दहा वॉर्डांमध्ये अनेक रुग्णांसाठी वापरली जाणारी उपकरणं पुसण्यासाठी कामाच्या दिवशी रोज तीन तास जादा सफाई दिली गेली, सोबत प्रशिक्षण आणि तपासणी ठेवली गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णालयात होणारे संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं दिसलं. एका रुग्णालयातला अभ्यास आहे, तो सगळीकडे जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण तीन तासांच्या मजुरीत एवढं मिळत असेल तर करून बघायला हरकत नाही.

यादी झाली की प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: वस्तू, पुसणाऱ्याचं पद, किती वेळा, कशाने. ‘कर्मचारी’ असं मोघम लिहू नका. ‘सकाळच्या पाळीची खाट क्रमांक एक ते सहाची सिस्टर’ असं लिहा. साथ चालू असताना हाताच्या संपर्कातल्या वस्तू दिवसातून किमान दोनदा आणि संडास-बाथरूम त्याहून जास्त वेळा पुसायचं ठेवा. अनेकांत फिरणारं उपकरण मात्र वेळेवर अवलंबून नाही: एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाण्याआधी दर वेळी पुसायचं.

पायरी ३: गाजावाजा न करता पहिली मोजणी

सुधारणा जाहीर करण्याआधी, आज जसं चाललंय तसं मोजा. हा आकडा लाजिरवाणा येतो आणि तो तसाच ठेवायचा असतो. पुढची सगळी तुलना त्याच्याशी होणार आहे. मोजायच्या पद्धती काही मोजक्याच आहेत, आणि प्रत्येकीचं एक अंधारं अंग आहे.

*डोळ्यांनी पाहणी.* स्वस्त आणि झटपट. धूळ, डाग, फाटलेली गादी, गळकं बेसिन, तुंबलेली मोरी हे डोळ्यांनाच दिसतं, त्यामुळे ती सोडू नका. पण डोळ्यांना स्वच्छ वाटलेला पृष्ठभाग बाकीच्या चाचण्यांत सर्रास नापास होतो. पाहणीला शेवटचा शब्द मानू नका.

*चमकणारी खूण.* साथीच्या काळात एकच साधन परवडत असेल तर मी हे घेईन. हे पारदर्शक जेल असतं. वाळलं की साध्या उजेडात दिसत नाही, अतिनील टॉर्चखाली चमकतं, कोरडा हात लागल्याने सहसा जात नाही, पण ओल्या फडक्याने नीट पुसलं की निघून जातं. म्हणजे ते जंतू मोजत नाही. तिथे फडकं फिरलं की नाही, एवढंच सांगतं. आपल्याला तेच तर हवं आहे.

करायचं असं. सफाईच्या आधी प्रत्येक निवडलेल्या वस्तूवर टिकलीएवढा ठिपका द्या. कापड, कच्चं लाकूड, खडबडीत प्लास्टिक टाळा, तिथे ठिपका मुरतो. ठिपका हात पडतो त्याच्या जवळ द्या: कठड्याची वरची कड, टेबलाखालची पकड, कडीचा आतला भाग, फ्लशची कळ. रुग्ण जागा असेल तर त्याला दोन शब्दांत सांगा, नाही तर त्याला भलतंच वाटतं. कोणत्या वस्तूवर नेमका कुठे ठिपका दिला, हे वहीत चित्र काढून ठेवा. माझ्यावर एकदा स्वतःचेच ठिपके शोधत फिरायची वेळ आली आहे. चोवीस तासांनी, म्हणजे सफाईची एक पूर्ण फेरी झाल्यावर, पडदे ओढून टॉर्च मारा. टॉर्च कोणाच्या डोळ्यांवर धरू नका. ठिपका गेलेला किंवा स्पष्ट पसरलेला असेल तर ‘पुसलं’, जसाच्या तसा असेल तर ‘नाही’. पसरलेल्या ठिपक्याचं काय करायचं हे आधी ठरवा आणि मग नियम बदलू नका. तपासणी झाली की उरलेले ठिपके स्वतः पुसून टाका. ते तसेच राहिले तर पुढच्या वेळची मोजणी खोटी पडते.

हिशोब सोपा आहे. समजा दहा खाटा, प्रत्येकी नऊ ठिपके, एकूण ९०. सहा वस्तू तपासणीच्या वेळी जाग्यावर नव्हत्या, त्या वजा. उरले ८४. त्यांतले ४२ पुसलेले, म्हणजे ५० टक्के. आकडा बघून कोसळू नका. अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांत याच पद्धतीने केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीला सरासरी ४८ टक्के वस्तूच पुसल्या गेलेल्या आढळल्या. मोजणी, शिकवणं आणि निकाल दाखवणं एवढ्यावर तो आकडा ७७ टक्क्यांवर गेला.

सरासरीपेक्षा वस्तुनिहाय आकडा जास्त बोलका असतो. जेवणाचं टेबल दहापैकी नऊ, कठडा दहापैकी सात, कॉल बेल दहापैकी दोन, सलाईन स्टँड आठांपैकी एक, असं दिसलं तर कुठे जायचं ते लगेच कळतं. वॉर्डात आळस आहे म्हणावं तर टेबल पुसलं गेलंच नसतं.

*एटीपी चाचणी.* सगळ्या जिवंत पेशींत असणारं एटीपी हे रसायन काजव्यातल्या एन्झाइमशी भेटलं की प्रकाश पडतो. काडीने पृष्ठभाग पुसायचा, यंत्रात घालायची, काही सेकंदांत आकडा. दहा बाय दहा सेंटिमीटरची ठरलेली जागा घ्या, म्हणजे आकड्यांना अर्थ राहील. आकडा हातात लगेच पडतो, त्यामुळे शिकवायला ही चाचणी फार छान. पण काही फसव्या जागा आहेत. रक्त, थुंकी, सांडलेलं दूध, सगळ्यांतच एटीपी असतं, म्हणून आकडा जंतूंचा नसून सेंद्रिय घाणीचा असतो. विषाणूंना एटीपी नसतं, त्यामुळे नोरोव्हायरसच्या साथीत कमी आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी ताडून बघता येत नाही, उत्तीर्ण होण्याची रेषाही वेगळी असते. आणि पृष्ठभागावर क्लोरीनचा अंश ओला असेल तर आकडा बिघडतो, म्हणून पूर्ण वाळू द्या.

*जंतूंची वाढ करून बघणं.* सगळे आधी हेच मागतात. वॉर्डभर काड्या फिरवून दोनशे नमुने पाठवायचे आणि मग निकालांचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नाही, असं घडताना मी पाहिलं आहे. ठोस प्रश्न नसताना पृष्ठभागांचे सरसकट नमुने घेऊ नयेत, ही भूमिका १९७० पासून मान्य आहे. प्रश्न असेल तर जरूर घ्या: ‘चारही रुग्णांना लावलेल्या या पंपावर तोच जंतू आहे का?’ अशा वेळी प्रयोगशाळेशी आधी बोला. नमुन्याच्या काडीतल्या द्रवात जंतुनाशकाचा अंश निष्क्रिय करणारं द्रव्य हवं, नाही तर जंतू असूनही वाढणार नाहीत. सपाट जागेसाठी २५ चौरस सेंटिमीटरची संपर्क प्लेट (पृष्ठभागावर थेट दाबायची, जंतू वाढवायची बशी) सोयीची, वाकड्यातिकड्या उपकरणांसाठी ओला स्पंज. हाताच्या संपर्कातल्या पृष्ठभागावर प्रति चौरस सेंटिमीटर पाचपेक्षा कमी वसाहती (प्लेटवर वाढलेले जंतूंचे पुंजके) हा निकष २००४ मध्ये सुचवला गेला, पुढे तो अडीचवर आणला गेला. साथीतल्या जंतूसाठी मात्र एक वसाहतसुद्धा दखल घेण्यासारखी. दोन सावधगिऱ्या: निकाल ‘काही नाही’ आला म्हणजे तिथे कधीच काही नव्हतं असं नाही. आणि जंतू सापडला तरी तो उपकरणाकडून रुग्णाकडे गेला की रुग्णाकडून उपकरणावर आला, हे त्या एका नमुन्यावरून कळत नाही. हा जंतू आणि रुग्णाचा जंतू एकाच वंशाचे (एकच स्ट्रेन) आहेत का, तेही तपासावं लागतं.

पायरी ४: पुसताना बघा

ठिपका गेला म्हणजे नीट पुसलं असंही नाही. घाणेरड्या फडक्यानेही ठिपका जातो. म्हणून दोन-तीन पाळ्यांत, रात्रीच्या पाळीसह, पंधरा-वीस मिनिटं उभं राहून बघा. आपण बघतोय म्हणून माणसं जास्त नीट काम करतात, हे खरं आहे. तरीही जे चुकतं ते पद्धतीत बसलेलं असतं आणि ते तुमच्यासमोरही चुकतं.

बघायचं काय? स्वच्छ भागाकडून घाणेरड्या भागाकडे आणि वरून खाली जातात का. एका रुग्णाचं फडकं दुसऱ्याकडे जातं का. वापरलेलं फडकं परत त्याच बादलीत बुचकळलं जातं का. साथीच्या वॉर्डात मला सर्वांत जास्त दिसलेली चूक हीच, कारण बादली एक आणि फडकी दोन असली की दुसरा पर्याय नसतो. पृष्ठभाग लेबलवर लिहिलेला वेळ ओला राहतो का, की लगेच कोरड्या फडक्याने चमकवला जातो. अमोनियम गटातलं जंतुनाशक सुती फडक्याने वापरत असाल तर सूतच त्यातला बराच अंश शोषून धरतं आणि पृष्ठभागावर पातळ पाणी उतरतं. हे फार थोड्यांना माहीत असतं, आणि खरेदी विभागाला तर नसतंच.

बादलीही तपासा. वॉर्डात ‘हायपो’ म्हणून जे असतं ते पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर ०.१ टक्क्यासाठी एक भाग हायपो आणि ४९ भाग पाणी. दहा लिटरच्या बादलीला २०० मिलिलिटर हायपो आणि बाकी पाणी. रक्त सांडल्यावर लागणाऱ्या ०.५ टक्क्यासाठी एकास नऊ. हे प्रमाण मापाच्या भांड्यावर रंगाने रेघ मारून दाखवा, ‘दोन झाकणं’ चालत नाही. मूळ कॅन उन्हात राहिला की ताकद घटते, म्हणून तारीख बघा आणि शक्य तर क्लोरीनच्या पट्टीने तयार द्रावण तपासा. द्रावण रोज ताजं. दिसणारी घाण आधी साबणाच्या पाण्याने काढायची, कारण क्लोरीन त्या घाणीतच खर्च होतं. आणि संडासाचं ॲसिड हायपोत कधीही मिसळू देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ‘जास्त साफ होतं’ म्हणून दोन्ही एकत्र टाकणारे भेटतात.

पायरी ५: निकाल त्याच दिवशी, त्याच माणसांना

महिन्याच्या शेवटी समितीत दाखवलेला आलेख वॉर्डात काहीच बदलत नाही. तपासणी संपली की पाळी सुटण्याआधी मावशी, मामा, सिस्टर सगळ्यांना बोलवा, टॉर्च त्यांच्या हातात द्या आणि त्यांनाच ठिपके शोधू द्या. आधी जे पुसलं गेलं ते दाखवा. नावं घेऊ नका. वस्तूंची नावं घ्या.

आणि मग विचारा, अडचण काय आहे? एका वॉर्डात तीन आठवडे कॉल बेलचा आकडा हलेना. आम्ही प्रशिक्षण दिलं, परत दिलं, भिंतीवर कागद लावला. शेवटी एका मावशींनी सांगितलं, “ताई, बेल पुसायला घेतली की वाजते. मग सिस्टर कामं टाकून धावत येतात आणि मलाच बोलतात.” तीन आठवडे हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. पुसण्याची वेळ ठरवून नर्सिंग स्टेशनवर सांगायला सुरुवात केली आणि बेल पुसली जाऊ लागली.

अशा अडचणी शिस्तीच्या नसतात. डिस्चार्ज दुपारी दोनला, नवा रुग्ण सव्वादोनला दारात, मधल्या पंधरा मिनिटांत एका माणसाने खाट, लॉकर, गादी, बाथरूम करायचं. घड्याळ लावून एका खाटेला नीट किती वेळ लागतो ते मोजा, पाळीतल्या खाटांनी गुणा आणि माणसांच्या तासांशी ताडून बघा. गणित जुळत नसेल तर ठिपके मोजत बसण्यात अर्थ नाही. आधी माणसं मागा, आणि मागताना हाच हिशोब पुढे ठेवा. व्यवस्थापनाला तक्रारीपेक्षा बेरीज लवकर कळते.

पायरी ६: रुग्ण गेल्यानंतरची सफाई वेगळी तपासा

बाधित रुग्ण घरी गेला किंवा हलवला की त्या जागेची पूर्ण सफाई होते. साथीत ही प्रत्येक वेळी तपासायची, नमुना म्हणून निवडक नाही, आणि तपासल्याशिवाय खाट ‘रिकामी’ दाखवायची नाही. दाबाखाली ही अट पहिली मोडते, म्हणून खाट देण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते आधीच लेखी ठरवा.

रोजच्या यादीशिवाय इथे बघायचं ते: पडदे बदलले का, लॉकरमधले उघडे कापूस, हातमोजे, सिरिंजा टाकून दिल्या का, भिंतीवरची सक्शनची बाटली, आणि गादी. गादीवर मी थोडी जास्त अडून बसते. चेन उघडून आत बघा. वरून निळी, नीटनेटकी गादी आत तपकिरी डागांनी भरलेली निघू शकते. शंका असेल तर आवरणाच्या आत कागदी रुमाल ठेवा, वरून थोडं पाणी ओता, मुठीने दाबा आणि रुमाल बाहेर काढा. तो ओला झाला असेल तर आवरण गळतंय, आणि अशी गादी कितीही पुसली तरी पुढच्या रुग्णाला आधीच्याचा प्रसाद मिळणार. ती बाद करा.

बेसिनंही याच फेरीत. मोरीच्या तोंडाशी स्यूडोमोनास किंवा औषधांना न जुमानणारे आतड्यातले जंतू घर करून बसतात. नळाची धार सरळ जाळीवर पडली की शिंतोडे बाहेर उडतात. बेसिनच्या काठावर औषधाचा ट्रे ठेवलेला दिसला तर लगेच हलवा. रुग्णाचं आंघोळीचं पाणी किंवा उरलेला चहा हात धुण्याच्या बेसिनमध्ये ओतायचा नाही, तो जंतूंचा खाऊ होतो. आणि बेसिन पुसताना मोरीला लागलेलं फडकं नळाच्या कळीकडे परत न्यायचं नाही: आधी कळ, मग भांडं, शेवटी मोरी.

पायरी ७: दोन रेघा एकाच कागदावर

वर आठवड्याचा स्वच्छतेचा टक्का, खाली त्याच आठवड्यातले नवे रुग्ण, दोन्हींना एकच तारखांची पट्टी. कोणता बदल कधी केला ते बाणाने दाखवा: ‘फडकी वाढवली’, ‘उपकरणांसाठी माणूस नेमला’, ‘गाद्या बदलल्या’. स्वच्छता सुधारल्यावर रुग्ण लगेच घटत नाहीत. जंतू आधीच अंगावर आलेले काही जण नंतर उजेडात येतात. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात ‘उपयोग नाही’ म्हणून सोडू नका, आणि रुग्ण घटले तर सगळं श्रेय फडक्याला देऊ नका, कारण त्याच काळात हात धुणंही वाढलेलं असतं.

साथ चालू असताना ठिपक्यांची फेरी आठवड्यातून दोन-तीनदा ठेवा. आकडा अचानक ९५-९८ झाला तर आनंद जरा लांबणीवर टाका. ठिपके कुठे असतात हे माणसांना कळलेलं असतं आणि तेवढ्याच जागा घासल्या जातात. जागा बदला, वार बदला, तपासणारा माणूस बदला, शेजारच्या वॉर्डच्या सिस्टरला बोलवा. आकडा लगेच पगाराशी किंवा मेमोशी जोडला गेला की तो खोटा व्हायला लागतो, हे मी वरिष्ठांना पुनःपुन्हा सांगत आले आहे. दर वेळी पटतंच असं नाही.

साथ ओसरल्यावर

नोरोव्हायरससारख्या झटपट आजारात शेवटच्या रुग्णानंतर ठरलेला काळ नवा कोणी निघाला नाही की साथ संपली म्हणता येतं. अंगावर शांतपणे राहणाऱ्या जंतूंत मात्र ताप-जुलाबांची वाट बघून चालत नाही. वॉर्डातल्या रुग्णांच्या तपासणीच्या लागोपाठ काही फेऱ्या कोऱ्या याव्या लागतात. किती, ते साथ सुरू असतानाच प्रयोगशाळेसोबत ठरवून लिहून ठेवा, नंतर सोयीने ठरतं.

त्यानंतर ठिपक्यांची फेरी महिन्यातून एकदा पुरते. ‘हे कोण पुसतं’ ची यादी मात्र भिंतीवरच राहू द्या, आणि तिच्या तळाशी चार-पाच रिकाम्या ओळी ठेवा. वॉर्डात नवं यंत्र आलं, फिरतं सोनोग्राफीचं असो की नोंदींसाठीचा टॅबलेट, तर खोक्यातून बाहेर काढतानाच त्यातल्या एका ओळीत त्याचं नाव, पुसणाऱ्याचं पद आणि चालणारं रसायन लिहा. उत्पादकाच्या पुस्तिकेत क्लोरीन चालत नाही असं असेल तर ते खरेदीच्या आधी कळायला हवं, म्हणून खरेदीच्या कागदावर संसर्ग नियंत्रणाच्या सहीची एक चौकट मागून घ्या.